पुरावा पाठ करता येतो का?

प्रमाणविचार हा आपला नेहमीचा विषय. आज तोच धागा घेऊन आपण एका अनोळखी वर्गात जाऊ या, दंतवैद्यकाच्या. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं दातांशी काय काम, असं कुणी विचारेल. सत्तरी ओलांडली की काम आपोआप पडतं, बरं का!

काही वर्षांपूर्वी एका दंत महाविद्यालयात तर्कशास्त्रावर बोलायला आम्हाला बोलावलं होतं. आमच्या आधीचा तास ‘पुराव्यावर आधारित उपचार’ या विषयाचा होता. आम्ही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पडद्यावर एक पिरॅमिड आला. तळाशी तज्ज्ञाचं मत, त्यावर एकेका रुग्णाच्या नोंदी, मग तुलनात्मक अभ्यास, मग चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटून केलेल्या चाचण्या आणि शिखरावर अशा अनेक चाचण्यांचा पद्धतशीर आढावा. मुलांनी तो वहीत उतरवून घेतला. तास संपल्यावर आम्ही शेजारच्या मुलीला विचारलं, “शिखरावरचं शिखरावर का?” ती म्हणाली, “सर, तसंच शिकवलंय. व्हायवाला हेच विचारतात.”

गंमत बघा. तज्ज्ञाचं मत हा सर्वांत दुबळा पुरावा, हे त्या मुलीने तज्ज्ञाच्या मतावर विसंबून मान्य केलं होतं! दोष तिचा नाही. शिकवण्याच्या रीतीचा आहे, आणि आमची टीका त्या रीतीवर आहे.

मुळात ही चळवळ हवी कशाला होती? जी. व्ही. ब्लॅक हे अमेरिकन दंतवैद्यकातलं फार मोठं नाव. कीड काढताना शेजारच्या निरोगी खाचाही कोरून भराव्यात, म्हणजे तिथे पुन्हा कीड धरणार नाही, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या काळातली साधनं पाहता ती अविचाराची नव्हती. पुढे फ्लोराइड आलं, दाताला चिकटणारी फिलिंगं आली, तरी पिढ्यान्पिढ्या विद्यार्थी ‘ब्लॅकनी सांगितलंय’ म्हणून निरोगी दात कोरत राहिले. कोरलेला दात पुन्हा वाढत नाही. प्रमाण न तपासण्याची किंमत रुग्णाच्या तोंडात अशी कायमची राहते.

म्हणून पुरावा मागायला आमचा विरोध नाही. तो मागायलाच हवा. न्यायदर्शनानेसुद्धा आप्तवाक्य प्रमाण मानलं, पण आप्त कोण याला अटी घातल्या. विषय त्याने स्वतः जाणलेला असावा, आणि जाणला तसाच सांगण्याची इच्छा त्याला असावी. आमची तक्रार एवढीच, की ब्लॅकच्या जागी पिरॅमिड बसवला आणि हात जोडणं तसंच चालू ठेवलं.

आता एक उदाहरण नीट पाहू. ‘दर सहा महिन्यांनी दात तपासून घ्या’ हे वाक्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. 1977 साली ऑब्रे शाइहॅम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये विचारलं, याला शास्त्रीय आधार काय? या प्रश्नावर ब्रिटनमध्ये मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2020 साली आले. 51 दवाखाने, 2,372 प्रौढ रुग्ण, चार वर्षं. सहा महिन्यांनी तपासलेले आणि चोवीस महिन्यांनी तपासलेले यांच्या हिरड्यांतून रक्त येण्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही.

पाठ करणारा विद्यार्थी यातून काय घेईल? ‘दोन वर्षांनी आलात तरी चालेल.’ आता त्याच्यासमोर मिशरी लावणारी आजी किंवा गुटखा खाणारा रिक्षावाला बसवा. तोंडात पांढरा चट्टा आहे, दुखत काहीच नाही. यांना दोन वर्षांनी बोलवायचं?

इथे आपले नैयायिक मदतीला येतात. धूर तिथे अग्नी, हे खरं. पण अग्नी तिथे धूर, हे खरं नाही. तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. त्या चाचणीतही उपाधी होती. चोवीस महिन्यांचा गट सरसकट सगळ्यांसाठी नव्हताच. ज्यांना एवढं लांबवलं तरी चालेल असं त्यांच्या दंतवैद्याला वाटलं, त्यांनाच त्या गटात जाता येत होतं. म्हणजे शिखराजवळच्या पुराव्यातही तळातलं तज्ज्ञाचं मत मिसळलेलं होतं! पिरॅमिड वहीत उतरवून हे कळत नाही. हा पुरावा कोणाबद्दल आहे, असं विचारल्यावर कळतं.

डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली ही कल्पना मांडताना पुराव्याबरोबर वैद्याचा अनुभव आणि रुग्णाची निवड यांनाही जागा दिली होती. परीक्षेत गुण देणं सोपं म्हणून आपण पहिलंच तेवढं ठेवलं.

प्राध्यापक मंडळी म्हणतील, “सर, चार वर्षं आणि एक वर्ष इंटर्नशिप. इतके दात काढा, इतकी फिलिंगं करा, हा कोटा वेगळाच. शंका घ्यायला वेळ कुठे आहे?” अडचण खरी आहे. पण नवा विषय नकोच. त्याच कोट्यातल्या प्रत्येक केसपेपरवर तीन ओळी लिहायला लावा. हा उपचार का? ज्यांच्यावर तो तपासला गेला, त्यांच्यासारखा हा रुग्ण आहे का? आणि सगळं समजावल्यावर रुग्ण काय म्हणाला? व्हायवात गुण या ओळींना द्या. आणि कधीतरी खुर्चीशेजारी उभं राहून शिक्षकाने मुलांसमोर म्हणावं, “मला माहीत नाही, चला शोधू.” आम्ही अनेक वर्षं शिकवलं. हे वाक्य म्हणायला आम्हालाही फार उशीर लागला, हे कबूल करायला हवं.

त्या मुलीने जाता जाता आम्हाला विचारलं होतं, “पण सर, शिखरावरचं शिखरावर का असतं?” व्हायवाला हा प्रश्न कुणी विचारणार नव्हतं. तिचं शिक्षण तिथे सुरू झालं, असं आम्ही मानतो.

इथे थांबतो.