निखारा काढल्यावर काय उरते?

कोहमाऱ्याच्या आसपास उन्हाळ्यात तेंदूपत्त्याची तोडणी चालते आणि त्या पानाची विडी तिथल्या मुलांच्या ओळखीची असते. विडीत पान आणि तंबाखू एकत्रच जळतात. धुरातला कोणता घटक इंधनाचा आणि कोणता तंबाखूचा, हे वेगळे काढता येत नाही. हुक्क्यात मात्र निखारा वर आणि तंबाखू खाली असते. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या सोयीवरच उभा आहे.

त्यांनी निखाऱ्याच्या जागी विजेचा तापक बसवला. पण निखारा असताना तंबाखूत कुठे, केव्हा, किती तापमान असते ते आधी मोजले आणि तापकाने तसेच निर्माण केले. ही खबरदारी घेतली नसती, तर फरक कोळशामुळे पडला की उष्णतेमुळे, हे कळलेच नसते. धुरातील सुमारे ९० टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि ९५ टक्क्यांहून अधिक बेन्झोपायरीन हे कर्करोगकारक द्रव्य कोळशातून येते, असे आढळले. (पाण्यातून गेलेला धूर 'धुतला' जातो म्हणतात, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतो.)

प्रयोग चोख आहे. आमचा आक्षेप आहे तो 'मग विजेचा हुक्का निर्धोक' या अनुमानावर. ते ९० टक्के एका वायूचे आहेत, एकूण अपायाचे नव्हेत. तंबाखू तीच, तापमान तेच. मग निकोटिन कमी का व्हावे? हुक्क्याच्या ओलसर तंबाखूत ग्लिसरीन असते. ते फार तापले की ॲक्रोलिन हे दाहक द्रव्य बनू शकते, आणि त्याला कोळसा लागत नाही. तापक हे उगम शोधण्याचे साधन होते. त्याला उपाय समजणे चूक आहे.

शिवाय हे आकडे अढळ मानू नयेत. बेन्झोपायरीनच्या कुळातील बरीच द्रव्ये न जळलेल्या कोळशातच असतात, असे याच संशोधकांना दिसले. म्हणजे कोळसा बदलला की आकडेही बदलणार. यंत्र ठरावीक लयीत झुरके घेते, माणूस तलफ भागेपर्यंत ओढतो, हेही आहेच.

महाराष्ट्रात २०१८ साली हुक्का पार्लरवर बंदी आली, तरी 'कोळसा नसला तर काय बिघडते?' असे विद्यार्थी विचारतात. शिक्षकांनी तेव्हा फळ्यावर 'कोळशातून' आणि 'तंबाखूतून' असे दोन रकाने आखावेत आणि निकोटिन कुठे लिहायचे ते विद्यार्थ्यांना ठरवू द्यावे.