मंजुलाला एड्स होईल का?

2002 संपत आलं होतं आणि मी पहिलीत होतो. नुकतंच वाचता येऊ लागल्यामुळे दिसेल ती पाटी मोठ्याने वाचायची खोड होती. तेव्हा उमरोळीला मुंबईची लोकल येत नव्हती. शटलने विरार आणि तिथून पुढे दादर. काकांकडे जाताना बसच्या खिडकीतून एक होर्डिंग दिसलं आणि मी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं : ‘बलबीर पाशा को एड्स होगा क्या?’ पुढच्या सीटवरचे दोघे हसले. मी विचारलं, “बाबा, बलबीर पाशा कोण?” बाबा म्हणाले, “कुणी नाही. पुढची पाटी वाच.”

पाप्युलेशन सर्व्हिसेस इंटरनॅशनल या संस्थेची ती मोहीम होती. परवा तिच्याबद्दल पुन्हा वाचताना लक्षात आलं, की जाहिरात म्हणून ती फार हुशार होती. तोवर एड्स म्हणजे कवटी, हाडं आणि ‘यावर औषध नाही’ हे वाक्य. असली भीती माणूस मान वळवून टाळतो. बलबीरने मात्र नाक्यावरच्या कुचाळकीचा सूर पकडला. आधी नुसता प्रश्न, मग हळूहळू त्याची भानगड. तो दारू पिऊन कंडोम विसरतो. त्याला वाटतं, समोरचं माणूस धडधाकट दिसतंय म्हणजे आजार नसणार. कुणाही पुरुषाला स्वतःबद्दल न बोलता स्वतःबद्दल विचारता यावं, अशी ही सोय होती. “आपल्याला काय, बलबीरचं विचारतोय!”

मोहिमेच्या एका टप्प्यात मंजुला येते. बलबीर तिच्याकडेच जातो, म्हणून आपण सुरक्षित आहोत असं त्याला वाटतं. होर्डिंग त्याला सांगतं, बाबा रे, तिच्याकडे इतरही जातात. मुद्दा शंभर टक्के खरा आहे. ‘ठरलेलं’ माणूस म्हणजे धोका नाही, हा समज मोडणं गरजेचंच होतं. पण वाक्याची रचना बघा. धोका कुठून येतो? मंजुलाकडून. तो कुणाला आहे? बलबीरला. मंजुलाला हा आजार कुणीतरी पुरुषच देणार, आणि तो बलबीरही असू शकतो, हे सांगणारा शब्द त्यात नाही. अख्खी मुंबई बलबीरची काळजी करत होती. मंजुलाला एड्स होईल का, हे कुणी विचारलं नाही.

एवढ्यासाठी वीस वर्षांपूर्वीची जाहिरात उकरून काढायची का? काढायची, कारण त्या वाक्याची रचना माझ्या डोक्यात जशीच्या तशी होती.

मी इंजिनियर, माझी पहिली धाव आकड्यांकडे. कंडोमवर भरवसा किती ठेवावा? कारखान्यात कंडोममध्ये भोक आहे का हे पाहायला विजेची चाचणी असते. शिवाय प्रत्येक खेपेतले काही नमुने काढून त्यांत 300 मिलिलिटर पाणी भरतात, हवा भरून फोडून बघतात. नेहमी आणि नीट वापरला, तर वर्षभरात शंभरातल्या साधारण 2 स्त्रियांना गर्भ राहतो. लोक प्रत्यक्षात जसा वापरतात तसा धरला, तर साधारण 13. नियमित वापराने स्त्री-पुरुष संबंधांतली एचआयव्हीची लागण साधारण 80 टक्क्यांनी कमी होते. 2 आणि 13 मधलं अंतर बहुतांशी रबराचं नाही, माणसांचं आहे. तेल लावलं, मुदत संपलेलं पाकीट वापरलं, उशिरा चढवला, आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे त्या दिवशी वापरलाच नाही. आमच्या धंद्यातही असंच असतं. कोड चाचणीत पास होतो. वापरणारा ते बटण दाबतच नाही.

आणि तो का दाबत नाही? मराठीत ‘भरवसा’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. कंडोमवर भरवसा नाही म्हणून काही जण तो वापरत नाहीत. माणसावर भरवसा आहे म्हणूनही वापरत नाहीत. भीती वाटली की पुरुष ‘कसं’ हे बदलत नाही, ‘कोण’ हे बदलतो. चांगल्या घरातली, ओळखीतली, साधी. तिच्यासमोर पाकीट काढणं म्हणजे तिच्यावर संशय घेणं. आणि तिने काढलं तर ‘हिला बरं माहीत!’

मीही हेच केलं. उमरोळीतला मेडिकलवाला बाबांना ओळखतो, म्हणून मी पाकीट घ्यायला बोईसरला जायचो. पुण्यात नोकरीला असताना एकदा, एका अल्प ओळखीत, कंडोम फाटला. पुढे काही महिन्यांनी माझं एका मुलीशी जमलं. पहिले तीन महिने आम्ही काळजी घेतली, मग ‘आता आपलं नक्की आहे’ म्हणून सोडली. त्यानंतर एका रात्री फाटलेला तो कंडोम आठवला आणि झोप उडाली. 72 तासांच्या आत सुरू करायची प्रतिबंधक औषधं असतात, हे मला तेव्हा कळलं. तोवर वर्ष होत आलं होतं. आठवडाभर मी फक्त हिशेब केले : आईला काय सांगू, नोकरीचं काय, किती वर्षं जगेन. शेवटी एका सरकारी चाचणी केंद्रात गेलो. रिपोर्ट निगेटिव्ह आला. समुपदेशक ताईंनी शांतपणे विचारलं, “आणि जोडीदाराला सांगितलंय का?”

त्या आठवडाभरात ती माझ्या मनात एकदाही आली नव्हती. वास्तविक एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी कंडोमशिवाय आलेल्या एका योनिसंबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता दहा हजारांत साधारण 4 असते, आणि स्त्रीला 8. म्हणजे धोका माझ्याकडून तिला होता, तोही दुप्पट. मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “तुला झालं असेल का, याचीच भीती वाटली ना तुला?” नंतर तिनेही चाचणी केली. त्या केंद्राच्या बाहेर मी बाकावर बसलो होतो, तेव्हा मला पहिल्यांदा मंजुला आठवली.

वेगळं बोलणारे आपल्याकडे होते. गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी 1921 साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. गुप्तरोग हा त्यांच्यासाठी पापाचा पुरावा नव्हता, आजार होता; आणि स्त्रीची इच्छा हा हिशेबाचाच भाग होता. सांगलीत 1992 पासून ‘संग्राम’ने कंडोम वाटायचं काम वेश्याव्यवसायातल्या बायकांच्याच हाती दिलं; 1996 मध्ये त्यांतूनच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. मंजुलापासून सावध राहा, असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. पाकीट मंजुलाच्या हातात होतं आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणायला शेजारणी पाठीशी होत्या. उत्तम जाहिरातीला जे साधलं नाही, ते तिथे साधलं : वाक्याचा कर्ता बदलला.

2017 च्या डिसेंबरात सरकारने वाहिन्यांना सकाळी 6 ते रात्री 10 कंडोमच्या जाहिराती दाखवू नका असं सांगितलं. म्हणजे ‘पुढची पाटी वाच’ हे आता सरकारही म्हणू लागलं. इकडे तारापूरच्या एमआयडीसीत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेली मुलं एका खोलीत सहा-सहा जण राहतात. त्यांतल्या कित्येकांच्या बायका गावी आहेत. सणाला ती घरी जातात, तेव्हा बायकोपुढे पाकीट काढायची कुणाची छाती होईल? आणि ‘काढ’ म्हणायची तिची?

बलबीरची मोहीम वाईट नव्हती. तिने निदान प्रश्न चौकात आणला. माझी तक्रार एवढीच, की तो अर्धाच आणला. उमरोळीच्या फलाटावरून आता रोज लोकल जाते. तिथे उद्या कुणी तसं होर्डिंग लावलं आणि एखाद्या पोराने मोठ्याने वाचून विचारलं, तर त्याला मी बलबीर कोण ते सांगेन. आणि मंजुला कोण, तेही.