अणुकेंद्रीय टकरींची परिवहन प्रतिमाने : एक चिकित्सा

प्रस्तावना

प्रकाशाच्या वेगाशी जवळपास बरोबरी करणारी दोन जड अणुकेंद्रे परस्परांवर आदळली म्हणजे हजारो कण बाहेर पडतात. उपकरणांना दिसतो तो या घटनेचा शेवट. मधल्या अल्पायुषी अवस्थेचे चित्र सिद्धांतालाच उभे करावे लागते. हे कार्य परिवहन प्रतिमाने करतात. बोल्ट्झमन यांनी १८७२ मध्ये वायूंसाठी मांडलेले समीकरण हा त्यांचा पाया होय. कण किती अंतर मुक्तपणे जातो, कोणाशी आदळतो आणि त्यातून काय निपजते, याचा हिशेब संगणक ठेवतो. हे उत्तर प्रयोगाशी जुळले म्हणजे नेमके काय सिद्ध होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

भाभांचा दाखला

मुंबईत जन्मलेल्या होमी भाभा यांनी १९३७ मध्ये हाइटलर यांच्यासह विश्वकिरणांच्या वर्षावाचा सिद्धांत मांडला. इलेक्ट्रॉनापासून फोटॉन, फोटॉनापासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, अशी ही मालिका होती. प्रत्येक पायरीची संभाव्यता पुंज विद्युत्गतिकीने आधीच निश्चित केली होती. निरीक्षणाशी जुळवून घेण्यासाठी ती बदलण्याची सोय नव्हती. म्हणूनच वर्षावाचे स्पष्टीकरण हे सिद्धांताचे खरे यश ठरले. परंतु जाड शिशातूनही पार जाणाऱ्या किरणांचा उलगडा त्यातून होईना. या अपयशावरून भाभांनी १९३८ मध्ये इलेक्ट्रॉनाहून जड कणाचे अस्तित्व प्रतिपादले. तोच पुढे म्युऑन म्हणून ओळखला गेला.

आजची प्रतिमाने

फ्रँकफर्ट येथे विकसित झालेले 'यूआरक्यूएमडी' हे प्रतिमान प्रोटॉन, पायॉन इत्यादी कणांच्या टकरींचे काटछेद बव्हंशी प्रयोगशाळेतील मोजमापांवरून घेते. ब्रुकहेवनच्या त्वरकात २००० मध्ये टकरी सुरू झाल्यावर कणांचा दिशानुसार असमान प्रवाह या प्रतिमानाच्या अपेक्षेपेक्षा बराच अधिक आढळला. हे अपयशही बोधप्रद होते, कारण क्वार्क व ग्लुऑन यांच्या दाट द्रव्याच्या बाजूने त्याने पुरावा दिला.

'एएमपीटी' या प्रतिमानाची स्थिती वेगळी आहे. क्वार्कांच्या परस्पर टकरींचा काटछेद प्रत्यक्ष मोजता येत नाही. ब्रुकहेवनच्या प्रवाहासाठी सुरुवातीच्या गणनांत तो सुमारे ६ ते १० मिलिबार्न घेण्यात आला. २०११ मध्ये जिनिव्हाच्या त्वरकातील शिशाच्या टकरींसाठी, इतर काही राशीही बदलून, १.५ मिलिबार्न पुरेसा मानला गेला. असे बदल करणे गैर नाही. मात्र अशा वेळी जुळणी ही सिद्धता नसून केवळ शक्यता असते.

दुसरी अडचण संगणन पद्धतीची आहे. २०१६ मध्ये १८ परिवहन संकेतावली समान अटींखाली पडताळण्यात आल्या. ही तुलना तुलनेने कमी ऊर्जेवरील होती. तरीही प्रवाहाच्या अनुमानातील अनिश्चितता प्रति न्यूक्लिऑन १०० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टला सुमारे ३० टक्के, तर ४०० दशलक्षला सुमारे १३ टक्के आढळली. म्हणजे भौतिकी समान असूनही उत्तरे भिन्न आली.

समारोप

या विवेचनाचे महत्त्व वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालयांनाही आहे. येथे त्वरक नाही. पण 'एएमपीटी'ची संकेतावली मुक्तपणे उपलब्ध असून ती साध्या संगणकावरही चालते. त्यामुळे छोट्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला आघाडीच्या संशोधनाचे दार उघडे झाले आहे, ही स्वागतार्ह बाब होय. धोकाही याच दारातून येतो. राशी बदलत राहून आलेख जुळवणे आणि त्यालाच निष्कर्ष म्हणणे सोपे असते. तेव्हा प्रबंधाचे परीक्षण करताना तीन प्रश्न विचारले जावेत : कोणत्या राशी बाहेरून निश्चित झाल्या, कोणत्या जुळवल्या आणि कोणता निकाल आला असता तर प्रतिमान चुकीचे मानले असते? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर जुळलेल्या आलेखातून निसर्गाविषयी फारसे काही कळलेले नसते. भाभांच्या सिद्धांताला चुकण्याची मुभा होती. म्हणूनच त्यातून नवा कण हाती आला.