‘मी’ आणि ‘तो’

स्टीव्हन्सनची ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ (१८८६) वाचताना मला निपाणीचा लखोबा लोखंडे आठवतो. अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मधला (१९६२) हा तंबाखूचा व्यापारी न्यायालयात आपलीच रूपे नाकारतो. जेकिलही कबुलीजबाबात हाइडला ‘मी’ म्हणू शकत नाही, ‘तो’ म्हणतो. फरक मैत्रीचा आहे. अटरसन मित्राची अब्रू जपत संशय गिळतो. दार फोडतो तेव्हा उशीर झालेला असतो. लखोबाला ओळखायला मात्र मित्र नव्हे, त्याने फसवलेली माणसेच साक्षीला येतात. आम्हा वडगावकरांची घरात मराठी, पेठेत कन्नड. हे दुटप्पीपण नव्हे. दोन्हीकडे ‘तो मीच’ म्हणता आले म्हणजे झाले. तसे म्हणायला लावील तोच खरा मित्र.