अज्ञानकृत पातक आणि नैतिक उत्तरदायित्व : श्रीपत शेषाद्री प्रकरणाच्या अनुषंगाने

गिरगावातील आंग्रेवाडीत राहून महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी सिद्ध केलेल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ मध्ये प्रकाशित झाला. त्यातील पातक व प्रायश्चित्त यांचे विवेचन वाचताना एक प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. आपले कृत्य पाप आहे हेच ज्यास ठाऊक नाही, त्याचा दोष किती मानावा?

बुद्धिपुरस्सर व अजाणता घडलेल्या पातकांत स्मृतिकार भेद करतात. याज्ञवल्क्यस्मृतीची भूमिका विशेष सूक्ष्म आहे. अज्ञानाने घडलेले पाप प्रायश्चित्ताने नष्ट होते. जाणूनबुजून पाप करणारा मात्र प्रायश्चित्ताने केवळ व्यवहार्य ठरतो. पापक्षय आणि समाजातील पुनःप्रवेश या अशा दोन भिन्न गोष्टी ठरतात.

मुंबईत १८४३ साली या भेदाची कसोटी लागली. नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला, तेथे जेवला. बाप्तिस्मा मात्र झाला नव्हता. सुप्रीम कोर्टाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे, ही बाळशास्त्री जांभेकरांची भूमिका होती. सनातनी पक्षाने तीस कडवा विरोध केला. सोळा वर्षांखालील मुलास अर्धे प्रायश्चित्त, अकरांखालील असल्यास ते पिता वा भ्राता यांनी करावे, अशी स्मृतिवचने उपलब्ध होती. (येथे भ्राताच धर्मांतरित होता, हा दैवदुर्विलास!) ज्याचे पापही धुतले जाऊ शकत होते, त्याचीच व्यवहार्यता नाकारण्याचा हा आग्रह शास्त्राला धरून नव्हता, तो जातिसंस्थेच्या भयातून आलेला दिसतो.

तथापि श्रीपत सर्वस्वी अज्ञ होता, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. परक्याच्या पंक्तीचा निषेध ब्राह्मण घरातील मुलगा जाणत असणारच. त्याची उणीव माहितीची नव्हती, परिपक्वतेची होती; आणि शास्त्राने ती वयाच्या मोजपट्टीने मोजली, हे व्यवहार्यच होते.

खरी अडचण पुढे आहे. अॅरिस्टॉटलने वस्तुस्थितीचे अज्ञान क्षम्य मानले, तत्त्वाचे अज्ञान मानले नाही. धर्मशास्त्रातही अज्ञानाची सवलत प्रामुख्याने पहिल्या प्रकारास लागू पडते. परंतु ज्यांना नियम शिकण्याचा अधिकारच नाकारला गेला, त्यांचे काय? स्त्रियांना अर्धे प्रायश्चित्त सांगितले आहे, पण ते बालक, रोगी व ऐंशी वर्षांचे वृद्ध यांच्या पंक्तीत बसवून. वेदाध्ययनाचा अधिकार नसणे हे त्या सवलतीचे कारण म्हणून तेथे येत नाही. सवलत मिळते ती दुर्बल म्हणून. नियम शिकू न देणाऱ्याच्या वाट्याला त्या दोषाचा कोणताही अंश येत नाही.