पावलाचा शृंगार

आपल्याकडची आषाढी अमावस्या म्हणजे गडचिरोलीच्या पूर्व सीमेपलीकडे, छत्तीसगडात, हरेली. त्या दिवसापासून तिथल्या गावोगावी पोरे गेडीवर चढतात. बांबूच्या दोन काठ्या आणि त्यांना दोरीने आवळून बांधलेले पाय ठेवायचे आडवे टेकू, एवढीच ही गेडी. पावसाळ्यातल्या चिखलाच्या वर पाऊल राहावे, ही तिची उपयुक्तता; पण आपण जरा त्या दोरीपाशी थांबू. दोरीच्या गाठींवर रॉकेल घालतात, म्हणजे पावलागणिक 'रच-रच' असा नाद उठतो. चिखल चुकवण्यासाठी या नादाची काहीच गरज नव्हती, आणि म्हणूनच तो इतका लोभस आहे: चालण्याच्या साधनाचे इथे वाद्य झाले. बस्तरच्या मुरिया आदिवासी तरुणांनी तर गेडीवर नृत्यच उभे केले. मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विन यांच्या, मुरियांच्या गोटुलावरील (युवागृहावरील) १९४७च्या ग्रंथात त्याची नोंद आहे.

गरजेपलीकडे पाऊल सजवण्याचा हाच रस मेक्सिकोत, सान लुइस पोतोसी राज्यातल्या मातेवाला गावी, २००९च्या सुमारास आडवा पसरला. तिथल्या तरुणांनी काउबॉय बुटांची टोके वाढवायला घेतली आणि चढाओढीत ती पाच फुटांपर्यंत गेली. आत प्लास्टिकची नळी, वर टिकल्यांची चकाकी, कुठे लुकलुकते दिवे. आणि ते टोक गुडघ्याच्या दिशेने डौलदार वळलेले. संगीत त्रिबाल ग्वाराचेरो, म्हणजे कुंबिया या लॅटिन नृत्यसंगीताचा ठेका, इलेक्ट्रॉनिक नाद आणि वसाहतपूर्व मेक्सिकोची आठवण देणाऱ्या बासऱ्या-ढोलांचा घोष. एकसारख्या वेशातली टोळकी नृत्यस्पर्धेत उतरत. नर्तकाचे पाऊल जमिनीला लागते, तेव्हा टोक अजून हवेतच असते. ते क्षणभर मागून डोलते, आणि एका पावलाचे जणू दोन ताल होतात.

दागिना सहसा जिथे अडत नाही तिथे घालतात. इथे तो नेमका पावलाच्या वाटेत घातला आहे, कारण अडथळ्यातूनच तोल दिसतो आणि तोलातूनच कौशल्य. याच संगीतातल्या '३बॉलएमटीवाय' या माँतेरेच्या तरुण त्रिकुटाला २०१२मध्ये नवोदित कलावंताचा लॅटिन ग्रॅमी मिळाला. बुटांची लाट मात्र काही वर्षांतच ओसरली, गेडी अजून दर पावसाळ्यात चढते. मला विचाराल तर बूट अधिक धीट, गेडी अधिक सुरेल.