एक अक्षर, दोन स्वर : बालकांच्या संगीतशिक्षणातील आद्य पुस्तकांची चिकित्सा

१

मूल भाषा शिकते ती वर्णमालेपासून नव्हे, ही गोष्ट भाषाभ्यासकांस नव्याने सांगावयास नको. बाराखडी गिरविण्याच्या कितीतरी आधी ते हट्ट करते, भांडते, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगते. हिंदुस्थानी संगीताच्या शालेय शिक्षणात मात्र हा क्रम बहुधा उलटा झालेला दिसतो. बालकाची रागाशी ओळख होण्यापूर्वी सात अक्षरांशी, त्यांवरील चिन्हांशी आणि मात्रांच्या कोष्टकांशी ओळख करून दिली जाते. या क्रमाने काय साधले व काय निसटले, याचा विचार ज्या पुस्तकांनी हा क्रम रूढ केला त्यांच्या आधारे प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. उदाहरणांसाठी अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील बालकाचे श्रवणविश्व डोळ्यांपुढे ठेवले आहे.

२

या पुस्तकांचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, तेव्हा गाणे शिकणे म्हणजे एखाद्या उस्तादाची मर्जी संपादन करणे असे. सभ्य घरांतील मुलांना, विशेषतः मुलींना, ही वाट जवळजवळ बंदच होती. पलुसकरांनी वर्ग, अभ्यासक्रम आणि क्रमिक पुस्तके यांच्या साहाय्याने ती मोकळी केली. दुसरीकडे पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी घराण्यांच्या कुलुपांत राहिलेल्या शेकडो चिजा मिळवून मूळ मराठीत लिहिलेल्या सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेत प्रसिद्ध केल्या. पाठांतरावाचून ज्याला दुसरे घर नव्हते अशा विद्येला त्यांनी कागदावर घर दिले.

परंतु विद्या जतन करण्याचे साधन आणि विद्येत प्रवेश करण्याचे साधन एकच असले पाहिजे असे नाही. व्याकरण भाषेचे रक्षण करते. म्हणून तान्ह्या मुलाच्या पाळण्याशी कोणी व्याकरण वाचीत बसत नाही.

३

आता लिपीकडे वळू. या दोन पद्धतींतील चिन्हांत एकवाक्यता नाही. स्वराच्या डोक्यावरील बिंदू भातखंडे पद्धतीत तार सप्तक दाखवितो, तर पलुसकर पद्धतीत मंद्र. सम पहिल्या पद्धतीत गुणाकाराच्या चिन्हाने दाखवितात, दुसऱ्या पद्धतीत एकच्या आकड्याने. शून्य तेथे खालीचे, तर येथे अर्ध्या मात्रेचे. शाळा किंवा शिक्षक बदलला म्हणजे मुलाला शिकलेली लिपी विसरावी लागते. हा दोष खरा. पण तो गौण आहे. चिन्हे संकेताने ठरतात आणि संकेत बदलता येतात.

अधिक मूलगामी अडचण स्वरांच्या नावांतच आहे. सप्तकात बारा स्वर, पण उच्चारावयाची नावे सातच. शुद्ध गंधारही ‘ग’ आणि कोमल गंधारही ‘ग’. भातखंडे कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ देतात, पलुसकर हलन्तासारखी खूण करतात. परंतु रेघ वा खूण डोळ्यांना दिसते, उच्चारात उतरत नाही. यमनाची सरगम म्हणणारे आणि काफीची सरगम म्हणणारे मूल तोंडाने ‘ग’ हेच अक्षर उच्चारते. दाक्षिणात्य शास्त्राने ही अडचण ओळखून वेंकटमखीच्या मेळयोजनेत रा, री, रू आणि गा, गी, गू असे स्वरभेद कल्पिले. परंतु प्रत्यक्ष गायनात तेथेही ते रुळले नाहीत.

ही स्थिती मराठी भाषकाला मुळीच अपरिचित नाही. ‘चार’ आणि ‘चारा’ या दोन शब्दांत ‘च’ हे अक्षर एक; उच्चार दोन. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे लिहिताना एकरूप दिसतात. बोलताना कोणी घोटाळा करीत नाही. पारनेर वा पाथर्डीकडील शेतकऱ्याचे मूल चार जनावरांना चारा घालते आणि दोन्ही ‘च’ अचूक उच्चारते. त्याला हा भेद कोणी शिकविला? कोणत्याही खुणेने नव्हे. अक्षर भेटण्यापूर्वी त्याने दोन्ही ध्वनी हजारो वेळा, अर्थपूर्ण वाक्यांत ऐकलेले असतात. अक्षर अपुरे असूनही त्याचे अडत नाही, कारण कान आधीच पुरा झालेला असतो. ज्याचा कान असा तयार नाही, त्या परभाषकाला मात्र ही लिपी पदोपदी फसविते. सरगमीपासून आरंभ करणाऱ्या बालकाला आपण त्याच्याच देशात परभाषक करतो, हा या क्रमावरील मुख्य आक्षेप होय.

४

या बालकाचा कान कोरा नसतो, हे तर पुस्तकांच्या गावीही नाही. या जिल्ह्यातील नेवासे येथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. राहुरी तालुक्यातील ताहराबाद हे संतचरित्रकार महिपतींचे गाव. कीर्तन, हरिपाठ, काकडा आणि सप्ताह यांची परंपरा येथे आजही चालू आहे. टाळकऱ्यांच्या रांगेत उभे राहणारे आठ-दहा वर्षांचे मूल आठ मात्रांचा भजनी ठेका मोजीत नाही. त्याचे पाऊल समेवर आपोआप पडते. भजनाची सांगता भैरवीने करण्याच्या प्रघातामुळे कोमल ऋषभ, गंधार, धैवत व निषाद त्याच्या कानांत नावांवाचून वसलेले असतात. थाटांच्या रूढ क्रमात मात्र भैरवी नववी येते. तो क्रम वर्गीकरणाचा आहे, कानाचा नव्हे.

अनुभव आणि पुस्तक यांच्यातील अंतर भूपाच्या उदाहरणात विशेष स्पष्ट होते. मराठी घरात भूपाळी म्हणजे पहाटेचे गाणे; शास्त्रात भूपाचा समय रात्रीचा पहिला प्रहर. शिक्षकाने ‘रात्री’ असे लिहून दिले की मूल ते पाठ करते आणि स्वतःचा अनुभव चुकीचा मानू लागते. वस्तुतः येथेच उत्तम पाठ दडलेला आहे. सकाळच्या देशकारात तेच पाच स्वर आहेत : सा, रे, ग, प, ध. भेद आहे तो उच्चारणात, कोणत्या स्वरावर थांबावयाचे यात. भूपात गंधार वादी, देशकारात धैवत. ‘तो आला’ हे विधान आणि ‘तो आला?’ हा प्रश्न यांत वर्ण तेच असतात, सूर निराळा असतो, तसाच हा प्रकार. केवळ आरोह-अवरोह लिहून हा भेद समजत नाही; दोन्ही राग ऐकविले म्हणजे मुलाला तो जाणवू लागतो.

लक्षणगीतांचाही येथे विचार केला पाहिजे. रागाचे वादी, संवादी, समय त्याच रागात गाऊन सांगावयाचे, ही कल्पना विलक्षण आहे. भाषेने स्वतःचे व्याकरण स्वतःच बोलून दाखवावे तशी. तथापि या गीतांची भाषा बहुधा ब्रजमिश्रित हिंदी, आणि पारिभाषिक शब्दांनी भरलेली. ज्या मुलाने अद्याप राग ऐकला नाही त्याला तिच्यातून ना काव्य मिळते ना शास्त्र. तीच लक्षणगीते राग कानी बसल्यानंतर दिली, तर मनातील अस्पष्ट जाणिवेला नाव मिळाल्याचा आनंद ती देऊ शकतात.

५

यावर असा आक्षेप येईल की भजनाच्या चाली मिश्र असतात, आणि निव्वळ अनुकरणाने शुद्ध राग हाती लागत नाही. आक्षेप रास्त आहे. बोलीही मिश्रच असते. तरी प्रमाण भाषेकडे जाणारी वाट बोलीतूनच जाते. हंगेरीत झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांनी मातृभाषेतील लोकगीतांवर बालसंगीताची उभारणी केली. जपानमध्ये शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी मातृभाषा शिकण्याचाच क्रम व्हायोलिनला लावून श्रवण आधी, वाचन नंतर असे ठरविले. दोघांनीही लिपी टाकली नाही. फक्त तिची पाळी नंतर आणली. आपल्याकडील जुनी तालीमही मुळात श्रवणाचीच होती. तिच्यातील गुप्तता टाकण्याजोगी होती, श्रवण नव्हे.

तेव्हा या पुस्तकांचा त्याग नको, त्यांचे स्थान बदलावयास हवे. पहिल्या वर्षी लिपी मुळीच नको. परिचित अभंग, भूपाळी व सोप्या बंदिशी यांतून भूप, भैरवी, काफी असे तीन-चार राग पुन्हापुन्हा ऐकवावे व गाऊन घ्यावे. मग स्वरांची नावे, नंतर चिन्हे, आणि शेवटी लक्षणे. परीक्षेतही केवळ रागवर्णन न विचारता, गायिलेले ओळखण्यास सांगावे. असे झाल्यास रांगेत टाळ वाजविणारे मूल संगीताच्या वर्गात नवखे ठरणार नाही. आणि भातखंडे-पलुसकरांनी जे सर्वांसाठी खुले केले ते खरोखरच त्याच्यापर्यंत पोचेल.